बाहेर स्पार्क मारतोय, आत मारंना! इंजिनात लेसरचा प्लग कशासाठी?

गेल्या जुलैत कोल्हापुरात रंकाळ्याजवळ गाडी बंद पडली. पाऊस असा की समोरचं काय दिसत नव्हतं, किक मारून मारून पाय दुखायला लागला, शेवटी मित्राने मागून पाय लावला आणि तसंच ढकलत ढकलत उद्यमनगरात मिस्त्रींकडं नेली. मिस्त्रींनी प्लग काढला, पुसला, टोपी परत त्याला लावली, प्लगचं लोखंड इंजिनच्या हेडला, म्हणजे सिलेंडरवरच्या झाकणाला, टेकवून धरलं आणि मला म्हणाले, "मारा किक." मारली. चट चट निळी ठिणगी पडायला लागली. मी खूश, म्हटलं स्पार्क तर येतोय की ओ! तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "बाहेर मारतोय ओ, आत मारंना. नवीन टाकूया."

खरं सांगतो, मला वाटलं हे प्लगला नाही, मलाच टोपी घालायलेत. ठिणगी डोळ्याने दिसतीय आणि म्हणे मारत नाही. पण नवीन प्लग टाकला आणि अर्ध्या किकला गाडी चालू. मिस्त्री बरोबर होते, आणि का बरोबर होते हे शोधत बसलो तर थेट लेसरपर्यंत जाऊन पोचलो, म्हणून हा लेख. जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी प्लगचंच बघू. सिलेंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगीने पेटवायचं, हे त्याचं काम. बॅटरी १२ व्होल्टची, तिच्यावर हवेत ठिणगी पडत नाही. म्हणून कॉईल ते व्होल्टेज वाढवून १५ हजार, २५ हजार, वेळ पडली तर त्याच्याही वर नेते, आणि प्लगच्या टोकाला जी मिलिमीटरभर गॅप असते तिथं हवा फुटून करंट उडी मारतो. हवा एरवी वीज वाहू देत नाही, ती जबरदस्तीने फोडावी लागते, आकाशातल्या विजेचंही तेच, फक्त गॅप मोठी. आता ही हवा फोडायला किती व्होल्टेज लागणार ते दोन गोष्टींवर ठरतं, गॅप किती आणि हवेचा दाब किती. फ्रीडरिश पाशेन नावाच्या जर्मन माणसाने हा नियम १८८९ मध्ये मांडला. गॅप वाढली की व्होल्टेज जास्त लागतं हे कुणालाही पटेल, पण दाब वाढला तरी जास्त लागतं हे लगेच लक्षात येत नाही. हवा दाटली की इलेक्ट्रॉनला पळायला जागाच उरत नाही, दोन पावलं टाकली की कुणालातरी धडकतोय, ऐन मिरवणुकीत महाद्वार रोडवरून सायकल हाणल्यासारखं.

मिस्त्री बाहेर प्लग धरून किक मारतात तेव्हा गॅपमध्ये साधी हवा असते, तिथं तीन-चार हजार व्होल्टला काम होतं. पण आत सिलेंडरमध्ये ठिणगी पडायच्या वेळेला पिस्टन वर आलेला असतो, मिश्रण दाबून कोंबलेलं असतं, दाब बाहेरच्या दहा पटीच्या आसपास. तिथं तीन-चार हजारात भागत नाही. त्यात प्लग जुना, टोक झिजून गॅप वाढलेली, वर कार्बन धरलेला, मग करंटला गॅप ओलांडण्यापेक्षा त्या कार्बनवरून सरपटत जाणं सोपं पडतं. बाहेर मारतोय, आत मारंना. मिस्त्रींनी पाशेनचं नावही ऐकलेलं नसेल, पण नियम पाठ आहे.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याच आठवड्यात जेवायला आलेला. त्याला हे सांगितलं तर म्हणतो, मामा प्लगचं काय घेऊन बसलाय, आता लेसरने इंजिन पेटवतात. मी म्हटलं लेसर म्हणजे ते गणपतीच्या मिरवणुकीतलं? ज्याने डोळे जातात म्हणून डॉक्टर लोक ओरडत असतात ते? त्याने पेट्रोल पेटतंय? तर म्हणे तसला नाही. मग काय, दोन-तीन आठवडे वाचत बसलो.

पहिली चूक जी माझी झाली ती बहुतेकांची होणार म्हणून आधी सांगतो. लेसरने पेटवायचं म्हटलं की आपल्याला शाळेतलं भिंग आठवतं. उन्हात भिंग धरायचं, खाली कागद, थोड्या वेळाने धूर. उजेड एका जागी गोळा केला, कागद तापला, पेटला. पण कागद तापतो कारण तो उजेड पितो. पेट्रोलची वाफ आणि हवा आरपार असते, भिंगातलं ऊन तिच्यातून निघून जातं, ती तापतच नाही. मिरवणुकीतला लेसर सिलेंडरमध्ये सोडला तर या बाजूने आत येईल, पलीकडच्या भिंतीवर हिरवा ठिपका पडेल, बास. म्हणजे इथं तापवायचं नसतंच. इथंही हवा फोडायचीच असते, जे काम प्लग विजेने करतो तेच काम उजेडाने.

उजेडाने हवा फुटते कशी, हा सगळ्यात भारी भाग आहे, इथं जरा थांबू. उजेड सुट्ट्या पुड्यांमध्ये येतो, एकेका पुडीला फोटॉन म्हणतात. या कामाला जो लेसर वापरतात त्याच्या एका फोटॉनमध्ये १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढी ऊर्जा असते. आणि ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन उपटायचा तर लागतात १२ च्या वर, नायट्रोजनला साडेपंधरा. म्हणजे वस्तू बारा रुपयांची आणि तुमच्या खिशात एक रुपया सतरा पैशाची नाणी. आणि दुकानदार असा खडूस की एकामागून एक नाणं दिलेलं घेत नाही, अकरा नाणी एकाच क्षणी गल्ल्यावर पडली पाहिजेत, नायट्रोजन असेल तर चौदा. साध्या उजेडात असा योग कधीच येत नाही. म्हणूनच आपण दिवसभर उन्हात फिरतो आणि आजूबाजूची हवा फुटत नाही.

पण उजेड इतका दाट केला की एकेका रेणूवर फोटॉनचा पाऊसच पडतोय, तर कुठं ना कुठं अकरा-चौदा एकदम पडतात आणि एक इलेक्ट्रॉन सुटतो. सुटला की मग काम सोपं. तो मोकळा इलेक्ट्रॉन धडकता धडकता लेसरचा उजेड पीत जातो, माजतो, शेजारच्या रेणूला असा धडकतो की त्याचाही इलेक्ट्रॉन निघतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, पेठेत बातमी पसरते तसं, आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबात तिथं पांढराशुभ्र तापलेला ठिपका तयार होतो, प्लाझ्मा. तापमान दहा हजार अंशांच्याही वर. आवाज पण येतो, चट असा, आजूबाजूला वायर नाही, धातू नाही, हवेत मध्येच ठिणगी. व्हिडिओ शोधून बघा, नाद खुळा प्रकार आहे.

आता तुम्ही म्हणाल एवढं करायला केवढा मोठा लेसर लागत असेल. इथं गंमत आहे. ऊर्जा लागते १० मिलिज्यूलच्या आसपास. १० मिलिज्यूल म्हणजे किती, तर दोन शेंगदाणे जमिनीवरून मीटरभर वर उचलायला लागते तेवढी. एवढ्याशा ऊर्जेने हवा कशी काय फुटते? तर ती दिली जाते ५ नॅनोसेकंदात. सेकंदाचे शंभर कोटी तुकडे करा, त्यातले पाच. तेवढ्या वेळात उजेड स्वतः फक्त दीड मीटर पुढं जातो. १० मिलिज्यूल भागिले ५ नॅनोसेकंद केलं की येतात २० लाख वॅट, म्हणजे दोन किलोवॅटचे हजार गीझर एकदम चालू केल्यासारखं, पण फक्त तेवढ्या क्षणापुरतं. आणि हे सगळं भिंगाने गोळा करायचं केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यात. ५० मायक्रॉनचा ठिपका धरला तर एका चौरस सेंटिमीटरला दहा हजार कोटी वॅटचा हिशोब बसतो. तिथं हवेचं काय चालणार.

मिरवणुकीतला लेसर आणि हा, फरक कळला का? तो नळ चालू ठेवल्यासारखा, दमानं पण सतत. हा म्हणजे दिवसभर थेंब थेंब साठवून एकदम बादली ओतल्यासारखा. सरासरी काढली तर हा बिचारा एलईडी बल्बपेक्षाही गरीब आहे.

आणि हे काय कुणाच्या प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही. मंगळावरची क्युरिऑसिटी गाडी २०१२ पासून हेच करतीय, सात मीटरपर्यंतच्या दगडावर असाच लेसर मारायचा, ५ नॅनोसेकंदाचा, १४ मिलिज्यूलच्या आसपास, दगडाचा प्लाझ्मा झाला की त्याच्या उजेडाचा रंग बघून आत कुठली मूलद्रव्यं ते ओळखायचं. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ गंधक शोधलं ते पण याच पद्धतीने. ठिणगी तीच, तिकडं ती दगड ओळखायला, इकडं गॅस पेटवायला.

आता परत मिस्त्रींच्या वाक्याकडं. दाब वाढला की प्लगचं काम अवघड होतं हे बघितलं. लेसरचं बरोब्बर उलटं आहे. दाब वाढला म्हणजे त्या ठिपक्यात रेणू जास्त, धडका जास्त, एकाचे दोन व्हायचा वेग जास्त, म्हणजे ठिणगी पाडायला लेसर कमी लागतो! प्लग जिथं घामाघूम होतो तिथं लेसर खुलतो. माझ्या मते या सगळ्या तंत्राचा जीव एवढ्यातच आहे. बाकी ठिकाणी वाचायला मिळेल की लेसर म्हणजे जास्त ताकदवान ठिणगी वगैरे, तसं काय नाही. प्लगच्या कॉईलमधून तर ३० ते १०० मिलिज्यूल येतात, लेसरपेक्षा जास्तच.

मग ते जातात कुठं? खरं तर पेट्रोलचं नीट मिसळलेलं मिश्रण पेटायला पाव मिलिज्यूल पण पुरतं. पण प्लगची ठिणगी दोन धातूच्या टोकांच्या मध्ये पडते. ज्वाळा जन्मते तेव्हा टाचणीच्या डोक्याएवढी असते आणि जन्मल्या जन्मल्या दोन्ही बाजूला गार धातू, तो तिची उष्णता ओढून घेतो. गार तव्याला चिकटवून काडी पेटवायचा प्रयत्न करा, कळेल. म्हणून भरपूर ऊर्जा ओतावी लागते, थोडी तरी ज्वाळेपर्यंत पोचावी म्हणून. लेसरच्या ठिणगीशेजारी धातूच नसतो.

आणि धातू नाही म्हटल्यावर ठिणगी कुठं पाडायची ते आपल्या हातात. प्लग हेडला बसतो त्यामुळे ठिणगी कायम एका कडेला, छताला चिकटून. आपल्याकडं होळीला शेणी रचतात, ती एका कोपऱ्यातून पेटवली तर दुसऱ्या टोकापर्यंत जाळ जायला वेळ लागतो, मधोमध पेटवली तर चौफेर एकदम जातो. सिलेंडरमध्ये पण तेच. ज्वाळेला पोचायला वेळ लागतो म्हणूनच तर पिस्टन वर यायच्या आधीच ठिणगी पाडतात. पुण्याच्या बजाजने २००३ मध्ये पल्सरला डीटीएसआय केलं, म्हणजे एका सिलेंडरला दोन प्लग, ते याचसाठी, दोन्हीकडून पेटवा, लवकर आटपा. मग २०१२ ला २०० एनएसला तीन प्लग. पण प्लग बसवायला हेडमध्ये जागा किती? व्हॉल्व्ह आहेत, पाणी फिरायची वाट आहे. आणि कितीही प्लग लावले तरी सगळे छतालाच. मधोमध ठिणगी पाडायला प्लग आतपर्यंत लांबवला तर त्याचं टोक लालबुंद होणार आणि ठिणगीची वाट न बघता त्यानेच मिश्रण पेटणार. प्लगचं टोक साधारण ५०० ते ८५० अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे, खाली गेलं तर कार्बन धरतंय, वर गेलं तर आपोआप पेटवतंय, हॉट प्लग-कोल्ड प्लग हा सगळा खेळ त्यासाठीच. लेसरला हे काय नाही. भिंग बदला, ठिणगी दोन सेंटिमीटर आत. किरण दोन करा, ठिणग्या दोन.

पण नुसतं लवकर पेटावं म्हणून एवढा खर्च कोण करणार. खरं गिऱ्हाईक आहे पातळ मिश्रण. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते. हवा त्याहून जास्त घातली, समजा २० च्या पुढं, तर जाळ गार राहतो, आणि जाळ गार राहिला की हवेतला नायट्रोजन जळून जो विषारी धूर होतो, नायट्रोजन ऑक्साइड, तो कमी होतो, वर इंजिनची कार्यक्षमता पण सुधारते. अडचण एवढीच की असलं पातळ मिश्रण पेटत नाही. ओल्या चिपाडावर गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवायला लागलात की जे होतंय ते. प्लगच्या दोन गार टोकांमध्ये तर ते आणखी विझतं. मग दाब वाढवा, टर्बो लावा, म्हणजे पेटेल, पण दाब वाढवला की पाशेनबुवा आडवे, व्होल्टेज वाढवा, व्होल्टेज वाढवलं की प्लगची टोकं झिजणार. या कोंडीतून लेसर सरळ बाहेर पडतो.

आता ही कोंडी कुणाची आहे? तुमच्या-माझ्या गाडीची नाही. आपल्या गाडीला पातळ मिश्रण चालतच नाही, कारण सायलेन्सरमधला धूर साफ करायची तीन कामं एकदम करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फक्त १४.७ च्या आसपासच नीट काम करतो, आणि एप्रिल २०२० ला बीएस-६ हा धुराचा नियम आल्यापासून त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. कोंडी आहे ती मोठ्या गॅस इंजिनांची, जी नैसर्गिक वायूवर चालून वीज तयार करतात, टर्बो लावलेली, पातळ मिश्रणावर, रात्रंदिवस. हिशोब करू. १५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्या, फोर स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांना एक ठिणगी, म्हणजे एका सिलेंडरमध्ये मिनिटाला ७५० ठिणग्या, तासाला ४५ हजार, दिवसाला १० लाख ८० हजार. तिथं प्लग काही हजार तासांत संपतात, आणि प्लग बदलायला इंजिन थांबवायचं म्हणजे वीज थांबवायची. म्हणून या विषयावर पैसे घालणारे कोण होते बघा. अमेरिकेत आर्गॉन नॅशनल लॅब, ऑस्ट्रियात गॅस इंजिनवाले येनबाखर आणि व्हिएन्नाची टेक्निकल युनिव्हर्सिटी. गाड्यांच्या बाजूने फोर्ड आणि लिव्हरपूल विद्यापीठ पण होते.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत स्पेंट वॉशपासून, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्यापासून, बायोगॅस होतो. त्यात मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साइड भरपूर, जो स्वतः जळत नाहीच वर जाळ पण दाबतो. बायोगॅसवर जनरेटर चालवणाऱ्याला विचारा मिसफायर, म्हणजे ठिणगी पडून पण न पेटणं, काय असतं. आमच्या जिल्ह्यात कारखाने एवढे आहेत की हा विषय वाटतो तेवढा परका नाही.

हायड्रोजनची तऱ्हा वेगळीच. त्याला पेटवायला काहीच लागत नाही, पेट्रोलच्या दहाव्या हिश्श्याएवढी ऊर्जा बास. तिथं भीती उलटी, प्लगचं गरम टोकच त्याला वेळेआधी पेटवून देतंय. आत टोकच नसेल तर एक कारण कमी झालं. कानपूर आयआयटीच्या इंजिन रिसर्च लॅबमध्ये सीएनजी, हायड्रोजन आणि दोन्हीचं मिश्रण असं लेसरने पेटवून अभ्यास झालाय, त्यांचे पेपर वाचण्यासारखे आहेत.

मग एवढं सगळं चांगलं आहे तर दुकानात का मिळत नाही? पहिलं लेसरने चाललेलं इंजिन १९७८ चं. हो, १९७८! तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा लेसर वापरलेला, असला लेसर म्हणजे नळ्या, आरसे, वीजपुरवठा, सगळा टेबलभर संसार. इंजिन एक सिलेंडरचं आणि त्याला पेटवणारा त्याच्यापेक्षा अवजड. पुढची तीस वर्षं भांडण एकच, हा लेसर प्लगच्या भोकात बसवायचा कसा.

पहिली सोपी आयडिया सगळ्यांना सुचते तीच, लेसर लांब ठेवू आणि फायबरमधून उजेड आणू, इंटरनेटची केबल येते तशी. नाही जमत. २० लाख वॅटचा झटका त्या बारीक काचेतून नेला की हवा फुटते तशी काच पण फुटते, फायबरचं तोंडच जळतं. मग लेसरच प्लगमध्ये घालायचा. पण लेसरला लागणारा उजेड ज्या डायोडमधून येतो तो उष्णतेला फार हळवा, एक अंश तापला की त्याचा रंग ०.३ नॅनोमीटरने सरकतो. इंजिनवर चाळीस अंश जास्त तापला की १२ नॅनोमीटर सरकला, आणि तो उजेड पिऊन लेसर तयार करणाऱ्या पुढच्या स्फटिकाला ८०८ नॅनोमीटरच्या आसपासचाच रंग पचतो. उपाशीच बसणार तो.

तोडगा निघाला तो असा. डायोड गार जागी लांब ठेवायचा, त्याचा मऊ उजेड फायबरमधून आणायचा, त्याने फायबरला काय होत नाही. आणि साठवून एकदम सोडायचं काम प्लगच्या आत करायचं. २०११ मध्ये जपानमधल्या ओकाझाकीच्या ताकुनोरी ताइरा यांच्या गटाने, रोमानियाचे निकोलाय पावेल आणि डेन्सो कंपनी बरोबर घेऊन, असा लेसर दाखवला, ९ मिलिमीटर व्यास, ११ मिलिमीटर लांबी. करंगळीच्या पेराएवढा! स्फटिक वाढवत बसण्यापेक्षा त्यांनी पावडर दाबून भाजून सिरॅमिक केलं, कपबशीच्या जातीतलं पण काचेसारखं आरपार. फौंड्रीवाल्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको, पावडर आणि भट्टी म्हटलं की माल हजारांनी निघतो.

या बारक्या लेसरमध्ये एकदम सोडायचं काम कोण करतं? आत कुणी बटण दाबत नाही. इथं मला आपलं राधानगरी आठवलं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात बातमीत असतात. पाणी ठरलेल्या उंचीला आलं की पाण्याच्याच जोरावर दरवाजा उघडतो, मोटर नाही, माणूस नाही. लेसरच्या त्या तुकड्यात दोन भाग आहेत. पहिल्या भागात निओडिमियम घातलेलं, ते डायोडचा उजेड पिऊन ऊर्जा साठवत राहतं, हे धरण. दुसऱ्या भागात क्रोमियम, ते सुरुवातीला उजेड अडवून धरतं, म्हणजे बंद दरवाजा. साठा वाढत वाढत एका पातळीला गेला की क्रोमियमचं पोट भरतं, आणखी उजेड पिता येत नाही, ते एकदम पारदर्शक होतं, दरवाजा उघडला, आणि साठलेलं सगळं एका झटक्यात बाहेर. फरक एवढाच की राधानगरी रिकामं होत नाही, जादाचं पाणी तेवढं सोडतं, इथं मात्र तळ दिसेपर्यंत. आणि हे सेकंदाला दहा-पन्नास वेळा. त्यांच्या झटक्याची लांबी तर नॅनोसेकंदापेक्षाही कमी होती. पुढं रोमानियात याच जातीचे लेसर प्लग रेनॉच्या चार सिलेंडरच्या इंजिनावर बसवून ते चालवून दाखवलं.

म्हणजे बसला भोकात. राहिली काजळी. लेसर आत सोडायला खिडकी पाहिजे, जी जाळ आणि दाब दोन्ही सोसेल, म्हणून ती नीलमची असते, सफायर. आता ऐका, नीलम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि आपल्या दीडशे रुपयाच्या प्लगचा पांढरा चिनीमातीसारखा भाग असतो ना, तो पण ॲल्युमिनियम ऑक्साइडच, एकाच घराण्यातले, एक दागिन्यात गेला, एक गॅरेजला. तर या खिडकीवर काजळी धरली की उजेड अडणार. यावर उपाय लेसरच करतो, प्रत्येक झटक्याला आपल्या वाटेवरची काजळी उडवून टाकतो. कार्बन निघतो सुद्धा. पण ऑईल जळून जी राख बसते ती चिवट असते, आणि वर्षाला ३९ कोटी ठिणग्या मारायच्या असतील तर खिडकीला एक बारीक डाग पण परवडत नाही.

बाकी राहिला पैसा. डायोड, फायबर, सिरॅमिक, भिंग, नीलम, हे सगळं एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला दीडशेचा प्लग. शिवाय प्लगवाले पण गप्प बसलेले नाहीत, लवकर न झिजणाऱ्या इरिडियम धातूची टोकं आली, आणि सिलेंडरच्या वर एक छोटी खोली करून आधी तिथं पेटवायचं आणि जाळाच्या धारा खाली सोडायच्या ही जुनी युक्ती परत आली, मसेराटीने २०२० मध्ये आपल्या गाडीत ती घातली. स्वस्तात तेच काम थोडंफार होत असेल तर लेसर कोण घेणार. वर इलेक्ट्रिक गाड्या. दुचाकीत लेसर प्लग येणार असं कुणी छातीठोक सांगत असेल तर माझा तरी विश्वास नाही.

रॉकेटला मात्र हौसेने बघतात याच्याकडं. रशियाच्या सोयूझ रॉकेटची इंजिनं पेटवायला अजून बर्च झाडाच्या लाकडावर बसवलेल्या, फटाक्यासारख्या दारूच्या कांड्या आत घालतात, अक्षरशः मोठ्या काड्यापेटीतल्या काड्या, आणि त्या एकदाच चालतात. वर गेल्यावर इंजिन बंद करून परत पेटवायचं असेल तर दुसरं काहीतरी पाहिजे, म्हणून जर्मनीची अवकाश संस्था डीएलआर वगैरेंनी लेसर तपासलाय.

हे सगळं वाचून झाल्यावर परवा ऑईल बदलायला गेलेलो तेव्हा मिस्त्रींना सांगितलं. पिना मारत मारत ऐकलं सगळं, राधानगरीच्या दरवाजाला मान पण हलवली. मग विचारलं, "बरं, तो खराब झालाय का बघायचं कसं? असाच हेडला टेकवून?"

मी म्हटलं, नाही ओ मिस्त्री, एक तर त्याचा उजेड डोळ्याला दिसत नाही, आत बघायला गेलात तर डोळा जाईल. आणि दुसरं, दाब कमी असला की त्याला ठिणगी पाडायला जास्त ताकद लागते, आतल्या दाबाला पुरेल एवढाच लेसर बसवलेला असला तर बाहेर काढल्यावर ठिणगी पडणारच नाही.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "म्हणजे बाहेर मारंना, पण आत मारतोय?"

"हां."

"मग गिऱ्हाइकाला दाखवायचं काय?"